चौथी पायरी

तुम्ही खोटं लिहिलंत.

मार्चच्या अठरा तारखेला प्रात्यक्षिक परीक्षेच्या वहीत माझ्या नावापुढे तुम्ही 'गैरहजर' असा शिक्का मारलात. शिक्का वाकडा पडलाय, म्हणजे मारणारा घाईत होता. खोटं बोलायची एवढी घाई कशाला? त्या एका शिक्क्यानं मी नापास. ओरत्तनाडूच्या विशेष शाळेत माझ्यासाठी शिक्षिकेची जागा तीस जूनपर्यंत राखून ठेवलीय. पास झाल्याचा कागद त्याच्या आत हातात आला नाही तर जागा गेली, आणि परीक्षा पुन्हा पुढच्या मार्चला.

याबद्दल प्रिन्सिपॉल म्हणून तुम्हांला मी तमिळमध्ये तीन अर्ज दिले, इंग्रजीत दोन. एकही वाचला नाहीत. म्हणून हा सहावा मराठीत लिहिते. वाचायचाच नसेल तर निदान मला घरच्या भाषेत मनासारखं बोलून तरी घेऊ द्या. देवनागरी मला कुणी शिकवली नाही. रेल्वेच्या पाट्यांवर ती असते, येता-जाता तिथंच उचलली. 'पापनाशम' हा माझा पहिला धडा, 'तंजावूर' दुसरा, 'थुंकू नये' तिसरा.

मी वसुमती. हजेरी नंबर एकतीस. विशेष शिक्षणातलं बी.एड., म्हणजे जी मुलं चारचौघांसारखी भराभर शिकत नाहीत त्यांना शिकवायचं शिक्षण. पहिलं वर्ष मी तिरुचीला वसतिगृहात राहून केलं. मग अम्मा मागच्या अंगणात घसरली, कंबर मोडली, मी पापनाशमला घरी आले आणि दुसऱ्या वर्षाला बदली घेऊन तुमच्या कॉलेजात दाखल झाले. तुमच्या यादीत तीस नावं होती, वर्गात तीस खुर्च्या. एकतिसाव्या माणसाचा विचार तुमच्याकडे कुणी केलेला नव्हता. दोन आठवडे मी मृदंगाच्या पेटीवर बसून 'सर्वांना सामावून घेणारं शिक्षण' हा विषय शिकले.

कॉलेजची घंटा पावणेनऊला. माझी गाडी तंजावुरात पोचते आठ पन्नासला. गाडी रोज वेळेवर येते, त्यामुळे मी रोज अगदी वेळेवर उशिरा पोचते.

"आधीची गाडी धर," तुम्ही म्हणालात.

"मग अम्माला अंथरुणातून कोण उठवणार, सार? तुम्ही येता?"

तेव्हापासून तुमचा माझ्यावर राग. असू दे. माझाही आहे.

बदलीचे माझे कागद चार महिने तुमच्या ऑफिसात पडून होते, कारकून चिदंबररावांच्या कपाटात. तिथं मला तुमचंच शिक्षण उपयोगी पडलं. आमच्या शास्त्रात रीत अशी, की मोठं काम शिकवायचं नाही. त्याच्या बारीक बारीक पायऱ्या पाडायच्या. नुसतं दात घासायचं म्हटलं तरी सतरा पायऱ्या होतात. एक पायरी जमली की लगेच शाब्बासकी, छोटंसं बक्षीस. चुकली तर ओरडायचं नाही.

पहिल्या दिवशी चिदंबररावांकडून मी एवढंच मागितलं, की फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवा.

"आणि पुढं?" ते संशयानं म्हणाले.

"पुढं काही नाही. फार छान ठेवलीत, सार." आणि मी शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा पुढं केला. ही लाच नव्हे. लाच आधी देतात, बक्षीस काम झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी फाइलीची नाडी सोडणं. तिसऱ्या दिवशी पहिलं पान उघडणं.

"काय गो, मला लहान पोर समजतेस काय?" चिदंबरराव म्हणाले, आणि चिक्कीसाठी हात पुढं केला.

नवव्या दिवशी सही झाली. सही आवरल्यावर तेच माझ्याकडं बघून म्हणाले, "छान केली ना?" तुमच्या ऑफिसात तेवढे एकटेच सुधारलेत. त्यांना काही बोलू नका.

मग सराव-पाठासाठी मला भुवना मिळाली. वय वीस. राजवाड्यामागच्या गल्लीत राहते, आमच्यासारखंच घरात मराठी, दारात तमिळ. नव्या बसस्टँडजवळ सुपारीच्या झावळ्यांच्या पत्रावळी दाबून बनवतात, तिथं ती काम शिकते. पत्रावळी झकास करते. फक्त तिथं जायची कशी, तर आईचा हात धरून. आई, म्हणजे वरलक्ष्मीमामी, तिला सकाळी न्यायची, दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बसायची आणि संध्याकाळी परत आणायची. अशी दोन वर्षं. मामीला सांधेदुखी आहे आणि त्या ओट्याला सावली नाही.

मी म्हटलं, "मामी, हिला एकटीनं बसनं जायला शिकवते."

"एकटी? अय्यो, चुकली म्हणजे?"

"विचारेल."

"कुणाला?"

"कंडक्टरला."

"आणि त्यानं सांगितलं नाही म्हणजे?"

भुवना भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "सांगेपर्यंत चढायचं नाही."

मी अजून काही शिकवलंही नव्हतं.

तरी मी चौदा पायऱ्या पाडल्या. पिशवी गळ्यात, ही पहिली. शेवटची, उतरल्यावर बस जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. मधली चौथी सगळ्यांत मोठी: दाराच्या दांडीला एक हात लावायचा, कंडक्टरला विचारायचं, "नवा बसस्टँड जाणार का?" आणि तो तोंडानं 'जाणार' म्हणेपर्यंत पाय वर टाकायचा नाही. मान हलवलेली चालायची नाही. आमच्याकडं मान अशी हलते, की 'हो' आहे, 'नाही' आहे की मानेवर माशी बसलीय, हे त्या मानेलाच ठाऊक.

पहिल्या आठवड्यात आम्ही अख्खा जुना बसस्टँड अडवून धरला. टाउन बस बायकांना फुकट, त्यामुळे दाराशी ही गर्दी. त्या गर्दीच्या तोंडाशी भुवना, दांडीला हात लावून उभी.

"चढ गं बाई!" मागून बायका.

"नवा बसस्टँड जाणार का?"

कंडक्टरनं मान हलवली.

"तोंडानं," भुवना म्हणाली.

"अग, तो मुका असला तर?" कुणी तरी ओरडलं.

"मुका नाही. काल अक्काला शिव्या दिल्या त्यानं." अक्का म्हणजे मी.

पाचव्या आठवड्यापर्यंत अख्ख्या मार्गावरचे कंडक्टर तयार झाले. ती लांबून दिसली की खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "जाणार, जाणार, भुवनाम्मा!" तुम्ही वीस वर्षांत एका शिपायाला घंटा वेळेवर वाजवायला शिकवू शकला नाहीत. या मुलीनं सरकारी बस बोलती केली.

परीक्षेच्या पाठाच्या टाचणात स्थळाच्या रकान्यात मी स्वच्छ लिहिलं होतं: टाउन बस. त्याखाली तुमचा मंजुरीचा शिक्का आहे. तो मात्र सरळ पडलाय.

अठरा तारखेला सकाळी परीक्षक चेन्नईहून आले. सीतारामराव. पांढरा शर्ट, काखेत फाइल, निवृत्तीला दोन महिने. मराठी ऐकताच खुलले.

"मी इथलाच हं पोरी. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं तंजावुरातलं."

"बरं सार. हा पायऱ्यांचा कागद. वाचून घेता?"

"मी परीक्षक आहे की विद्यार्थी?" म्हणाले, आणि कागदाची घडी घालून वारा घ्यायला लागले.

साडेनऊला आम्ही जुन्या बसस्टँडवर. बस आली. नशीब असं, की कंडक्टर नवा होता. भुवनानं दांडीला हात लावला, विचारलं. त्यानं मान हलवली. भुवना उभी. त्यानं पुन्हा हलवली. भुवना उभीच.

"अग चढ ना, हो म्हणाला तो!" सीतारामराव घामानं निथळत होते.

"मान म्हणाली. तो म्हणाला नाही."

सीतारामराव हसले, फाइलीत काही तरी लिहिलं, आणि मग त्यांना शेजारची बस दिसली. रिकामी, खिडकीजवळची जागा, वर पंखा. "ती पण तिकडंच जात असणार. मी पुढं होऊन बसतो, तुम्ही या," म्हणाले आणि चढले. चष्मा पिशवीत होता. पाटी वाचली नाही. कुणाला विचारलं नाही. ती बस सुटली आणि साडेतीनशे वर्षांच्या तंजावूरकराला घेऊन ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागली.

आता मी काय केलं ते खरं सांगते, कारण इथं खोटं लिहायचं काम तुमच्याकडं आहे. मी बोंब मारली. बसमागं धावले. चप्पल तुटली. माझ्या परीक्षेचे गुण काखेत घेऊन परीक्षक निघून गेला होता, आणि मला त्याचा फोन नंबर घ्यायचंही सुचलं नव्हतं. मी मधोमध उभी राहून रडायला लागले.

भुवनानं माझा हात धरला.

"अक्का, बारावी पायरी."

बारावी पायरी अशी: बरोबरचं माणूस चुकलं तर धावायचं नाही, टाइमकीपरच्या खिडकीशी जायचं, सांगायचं आणि तिथंच थांबायचं. तिनं मला ओढत खिडकीशी नेलं.

"तात्ता हरवले," ती म्हणाली. तात्ता म्हणजे आजोबा.

"कसले तात्ता?" टाइमकीपर.

"पांढरा शर्ट. फाइल आहे. ऐकत नाहीत."

टाइमकीपरनं जे ऐकलं तेच कर्ण्यावरून सांगितलं. सगळ्या बसस्टँडला कळलं, की पांढरा शर्ट घातलेले, फाइल बाळगणारे आणि ऐकत नसलेले एक तात्ता चुकले आहेत. सापडल्यास खिडकीशी आणावे. तीन जण आणले गेले. तिघांनीही शर्ट पांढरा आणि फाइल हातात असल्याचं कबूल केलं. एकाची बायको म्हणाली, वर्णन जुळतं, पण हे माझे आहेत.

मग टाइमकीपरनं त्या बसच्या कंडक्टरला फोन लावला. सीतारामराव वाटेतल्या एका फाट्यावर उतरवले गेले आणि परतीच्या बसनं यायला निघाले. सव्वा तास गेला. मी दोनदा कापी प्यायले. भुवना खिडकीशी होती तिथंच उभी होती.

अकरा वाजून गेल्यावर ते उतरले. शर्ट पांढरा उरला नव्हता. भुवना त्यांच्यासमोर गेली.

"तात्ता, तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी खिशातला कागद काढला, चष्मा लावला, पहिल्यांदाच वाचला. "नाही विचारलं."

"चौथी पायरी."

"हो गो बाई."

"परत करायची."

पुढची बस लागली तेव्हा भुवनानं त्यांना दाराशी उभं केलं, त्यांचा हात धरून दांडीवर ठेवला. त्यांनी विचारलं. कंडक्टरनं मान हलवली. सीतारामरावांनी पाय उचलला, भुवनाकडं पाहिलं आणि पाय खाली ठेवला. "तोंडानं सांग रे बाबा," म्हणाले. सगळी बस हसली. त्यानं सांगितलं, ते चढले, आणि भुवना म्हणाली, "छान केलंत." माझ्या पिशवीतली चिक्कीही तिनं त्यांना दिली.

नव्या बसस्टँडवर उतरून बस जाईपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. सीतारामरावांनी तिथंच फाइल मांडीवर घेऊन शंभरांपैकी एक्क्याण्णव दिले. शेऱ्यात लिहिलं, 'विद्यार्थिनीने परीक्षकासही शिकवले.'

पाऊण वाजता कॉलेजात परतलो तर परीक्षेच्या चार नंबरच्या खोलीला कुलूप. साडेदहाला तुम्ही त्या रिकाम्या खोलीत डोकावलात, आत फक्त पंखा फिरत होता, आणि वहीत तीन शिक्के मारलेत. उमेदवार गैरहजर. विद्यार्थी गैरहजर. परीक्षक गैरहजर. पंखा तेवढा वाचला.

सीतारामरावांनी तुम्हांला लेखी कळवलं, की मी तिथं होतो, मी गुण दिले. तुमचं उत्तर माझ्याकडं आहे: 'सदर परीक्षक त्या दिवशी गैरहजर असल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.' हे वाक्य मी वरलक्ष्मीमामीला वाचून दाखवलं. मामी आता ओट्यावर बसत नाही, दुपारी घरी झोपते. ती म्हणाली, "या माणसाला कुणी पायऱ्या पाडून शिकवलं नाही वाटतं."

म्हणून शिकवते. पहिली पायरी, वही उघडा. दुसरी, टाचण बाजूला ठेवा. तिसरी, स्थळाचा रकाना वाचा, तुमचा सरळ शिक्का बघा. चौथी पायरी तुमच्यासाठी भुवना करेल.

हा अर्ज मी आणणार नाही. ती आणेल. एकटी, टाउन बसनं. तुमच्या खिडकीच्या गजाला एक हात लावून उभी राहील आणि तुम्हांला कळेल अशा तमिळमध्ये एकच प्रश्न विचारेल. मान हलवू नका, मान तिला चालत नाही. 'नंतर ये' म्हणू नका, ती जात नाही. मामीनं दोन वेळचा दहीभात बांधून दिलाय.

अठरा तारखेला गैरहजर कोण होतं? तोंडानं सांगा.