अधिकातला नेक्स्ट संडे

"येतो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. हे नेक्स्ट न् फेक्स्ट कायले पायजे मधात?"

मैनाताई पुरणयंत्राचा दांडा फिरवता फिरवता पुटपुटल्या. कोणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण मी बाजूलाच शिजलेली डाळ पुढे सरकवत बसले होते.

मैनाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. अमरावतीत आमचा जिना एकच. त्या खाली, मी वर. अधिक महिना लागला होता आणि अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घातल्याशिवाय आमच्याकडे सासूला झोप येत नाही. जावई अनुप अकोल्याचा. एसटीत एक डुलकी काढली की अमरावती येतं, एवढंच अंतर. त्याचा पंजाबराव भाऊजींना, म्हणजे मैनाताईंच्या यजमानांना, मेसेज आला होता : ‘विल कम नेक्स्ट संडे.’

त्या दिवशी होता गुरुवार. आता रविवार धरायचा कोणता, तेरवाचा की त्याच्या पुढचा?

भाऊजी सिंचन खात्यातून रिटायर झालेले. चष्मा पुसून त्यांनी मेसेज दोनदा वाचला. "तेरवाचा असता तर ‘धिस’ लिवलं असतं. नेक्स्ट म्हणजे एक सोडून."

माझा गोपाल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर येतं. "मोठेबाबा, एसटीत नेक्स्ट स्टॉप म्हणजे एक स्टॉप सोडून असते का?"

"एसटीचं वेगळं, जावयाचं वेगळं!"

"तर मग एक फोन लावून विचारा ना," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी जावयाकडे आधार कार्ड मागायला सांगितलं. "जावयाले तारीख विचारायची?" भाऊजी म्हणाले. "उलटतपासणी घेऊन राहिलो का आपण?"

जिला विचारायला काहीच हरकत नव्हती ती जावयाची बायको, पौर्णिमा, तिथंच ओट्यापाशी वेलदोडे कुटत उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. होळीला ती माहेरी आली ती टॅलीचा कोर्स करायला. कोर्स चैत्रातच आटोपला. येताना तिनं आणलेल्या बॅगेत पांघरायची रजई होती. अमरावतीच्या उन्हाळ्यात रजई कोण आणतं? आम्ही सगळ्यांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी तिला एकच विचारलं, कूलरची हवा लागते का बरोबर.

पोरगी अकोल्याला परत जाणार की नाही, एवढीच काय ती गोष्ट. पण ती विचारायला मराठी लागलं असतं. म्हणून आमच्या घरी इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला.

तेरवाचा रविवार उजाडला. कशाला चान्स घ्या म्हणून धोंडे तळले, पाटवडीचा रस्सा केला, जावयाला द्यायचा चांदीचा दिवा रांगोळीनं घासला. दुपार कलली, कोणी आलं नाही. आणि खरं सांगू? घरात कोणाचं तोंड उतरलं नाही. उलट भाऊजी खुशीत. "मी म्हटलं नव्हतं? नेक्स्ट म्हणजे एक सोडून!" त्यांनी चार धोंडे खाल्ले. गोपालनं हार मान्य केली नाही, पण खाल्ले त्यानंही.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दुपारी मेसेज आला : ‘कमिंग वीकेंड शुअर.’

"शुअर लिवलं हाय!" मैनाताईंनी भाऊजींच्या खांद्यावरून पाहिलं. "पण वीकेंड म्हणजे शनिवार का रविवार?"

"दोन्ही."

"मंग पुरण दोनदा घालू का, बाप्पा?"

मी उरलेल्या धोंड्यांचे डबे भरभरून कॉलनीत वाटत फिरले. समोरच्या तानुबाईंनी डबा घेतला आणि गोड आवाजात विचारलं, "जावाई येऊन गेले का?" मी म्हटलं, "कमिंग आहेत." त्यांनीही मान डोलावली. इंग्रजी शब्द तोंडावर टाकला की माणूस पुढं विचारत नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. अधिक संपत आला. सोमवारी अमावस्या, आणि आदल्या रविवारी सकाळीच मेसेज : ‘विल डेफिनेटली कम वन ऑफ दीज डेज.’

भाऊजींनी कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. "दीज डेज म्हणजे हे दिवस. हे म्हणजे अधिकाचे. अधिकाचे उरले आज अन् उद्या. म्हणजे पोरगा आज नाहीतर उद्या येतेच!"

"मोठेबाबा, त्याचा अर्थ तसा..." गोपालनं तोंड उघडलं. मी त्याला डोळ्यानं दटावलं.

पौर्णिमा कढईपाशी उभी होती. घामानं तिचं ब्लाऊज पाठीला चिकटलं होतं. चौथ्यांदा ती त्याच माणसासाठी तळत होती. मैनाताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हात न धुताच त्यांनी भाऊजींच्या मांडीवरचा फोन उचलला.

"अवं, काय करून राहिली तू?"

"तारीख विचारतो," मैनाताई म्हणाल्या. नंबर लागला. पुरणाच्या बोटानं दाबताना स्पीकरही चालू झाला. "जावाईबापू, मैना बोलतो. मराठीत सांगा. कोणत्या दिवशी येता?"

पलीकडे आधी पंखा बंद केल्याचा खट्ट आवाज.

"आई," अनुप म्हणाला. त्याचं इंग्रजी कुठंतरी गळून पडलं होतं. "म्या काय सांगू? तिनं मले सांगतलं होतं, घरी मीच सांगतो म्हणे. थोडा टाइम दे म्हणे. मी टाइम देऊन राहिलो. तिलेच विचारा तुमी."

फोन बंद झाला. भाऊजी कॅलेंडरची घडी घालू लागले. ते घडीचं नव्हतं, तरी.

"पौर्णिमा," मैनाताई म्हणाल्या आणि त्यांची नजर कढईत गेली. "गॅस कमी कर, करपून राहिले."

पौर्णिमानं गॅस कमी केला नाही, बंद केला. झारा ताटात ठेवला. आमच्यापैकी एकाकडेही न बघता, कढईतल्या धोंड्यांना सांगावं तसं म्हणाली,

"आई, मी त्याले सोडून आली. परत नाही जात."