लाल टोपी

"मैथिली, ती प्लेट खाली ठेव!"

शोभनाकाकू एवढ्या जोरात ओरडल्या की प्लेट हातातून सुटलीच असती. आणि मी तर मदत करत होते! इथे जर्मनीत नववीत आम्हाला दोन आठवडे कुठेतरी प्रॅक्टिकुम, म्हणजे कामाचा अनुभव घ्यावा लागतो. मैत्रिणी बँकेत, दवाखान्यात गेल्या. मी हट्टाने हायडेलबर्गच्या या शाळेत आले. दुसऱ्या शाळांनी महिनोन् महिने निलंबित केलेली नऊ मुलं इथे शिकतात. वाटलं होतं, रोज मारामाऱ्या बघायला मिळतील. बघायला मिळाली अंडी!

काकू अकरा वर्षं इथे मुलांसाठी सकाळचा नाश्ता बनवतात. नऊ मुलं, नऊ उकडलेली अंडी, प्रत्येक अंड्यावर काकूंनी विणलेली लोकरीची टोपी, टोपीवर नाव. स्वतः मात्र जन्मात अंडं चाखलेलं नाही. "वाससुद्धा नको गं बाई," म्हणतात आणि मुलांना विचारतात, "मऊ झालंय ना?"

मेलानीची लाल टोपी मी आल्यापासून कुणी उचललेलीच नव्हती. शिक्षिकेवर खुर्ची फेकली म्हणून तिला इथे पाठवलं होतं. सलग दहा दिवस नाश्त्याला आली नाही, तर तिची जागा दुसऱ्याला जाणार. तिला घेणारी आणखी शाळा उरली नव्हती. आज दहावा दिवस.

"टेबल आवरलं की हजेरी बंद," काकू हळूच म्हणाल्या. "मग आवरायचंच कशाला?"

"अहो काकू, साडेदहा वाजले! मुलं केव्हाच वर्गात गेली."

"वाजू देत. बस, चहा घे."

तेवढ्यात मुख्याध्यापक हेर फोग्ट यादी घेऊन आले. "फ्राऊ कर्वे, झाला ना नाश्ता?"

"माझा व्हायचाय." काकूंनी लाल टोपी काढली.

"तुम्ही तर अंडं खात नाही."

"आज खातेय."

ते समोर बसलेच! काकू सोलायला लागल्या. इतकं हळू अंडं सोलताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. चिमटीएवढा एकेक तुकडा. मी घड्याळ बघत होते, हेर फोग्ट काकूंची बोटं बघत होते. पेनाचं टोपण त्यांनी अजून काढलं नव्हतं.

शेवटी सोलायचं काही उरलं नाही. काकूंनी मीठ भुरभुरलं, डोळे मिटले आणि अंडं तोंडाजवळ नेलं.

"ते माझं आहे."

दारात एक मुलगी उभी होती. ओले केस, वर्ल्डकपच्या वेळची विटलेली जर्सी, हात खिशात. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग बस ना," काकू म्हणाल्या. "गार झालंय, दुसरं करू?"

"नको. हेच."

हेर फोग्टनी यादीची घडी केली. काकूंनी प्लेट तिच्यापुढे सरकवली, मीठ सरकवलं, आणि सिंककडे वळून कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.