शॉर्टस्टॉपच्या जागेवरची दोन पावलं

मी एक जुना तोंबो आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. एक रुंद फळी आणि तिच्या मधोमध ठोकलेला पुरुषभर उंचीचा दांडा, एवढाच माझा थाट. आमच्या जपानात तोंबो म्हणजे चतुर. पंख पसरून बसलेल्या चतुरासारखा दिसतो म्हणून मला हे नाव पडलं. बेसबॉलचा सराव संपला की खेळाडूंच्या खिळ्यांच्या बुटांनी उकरलेली माती माझ्या फळीने ओढून सारखी करतात. बॅटचं कौतुक होतं, हातमोज्याला प्रेमाने तेल चोळतात, संघाच्या फोटोत चेंडूलासुद्धा पुढच्या रांगेत जागा असते. मला मात्र फोटोच्या वेळी बाजूला भिंतीला टेकवून ठेवत. त्याचं मला काही वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल, आणि खोट्यापायी काय होतं तेच तर मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा दांडा मूळचा एका नावेचं वल्हं. गावाजवळच्या नदीवर पूल झाला, नावाड्याचा धंदा बसला, आणि ते वल्हं शिराहागी विद्यापीठाच्या सुताराने उचलून आणलं. त्याला त्याने झेल्कोव्हाच्या लाकडाची फळी ठोकली. हे १९२६ सालचं. संघ माझ्याआधी पंधरा वर्षं सुरू झाला होता आणि त्या पंधरा वर्षांत हरण्यात त्याने चांगलाच हात बसवला होता. शेजारच्या विद्यापीठाची मुलं कुंपणापलीकडून ओरडायची, "शिराहागीशी सामना आहे ना? मग डबे घेऊन चला, सहलच आहे." पहिल्यांदा हंगामात तिसरा नंबर आला, त्या दिवशी आमच्या पोरांनी उडोनच्या दुकानात शेवयांबरोबर रस्साही शिल्लक ठेवला नाही.

आमच्या मैदानाचे नियम मात्र जिंकणाऱ्यांपेक्षा कडक होते. मैदानात पाऊल टाकण्याआधी टोपी काढून वाकायचं. जाताना मैदानाकडे तोंड करून पुन्हा वाकायचं. त्याआधी पहिल्या वर्षाच्या मुलांनी तोंबो फिरवायचा. शेवटची खूण पुसली जाईपर्यंत सराव संपला असं कुणी धरत नसे, आणि सराव संपल्याशिवाय घरी जायचं नाही. कप्तानानेसुद्धा नाही. दुसरा नियम असा की वरच्या वर्गातला मुलगा म्हणजे सेन्पाई, आणि सेन्पाईने घालून दिलेलं मोडायचं नाही. बदलायचं झालं तर ज्याने सांगितलं त्यानेच बदलायचं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कप्तान किरिशिमा. त्याच्या पाठीवर कप्तानाचा दहा आकडा होता आणि तो शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा. चेंडू येण्याआधी दोन्ही टाचा मातीत हलकेच फिरवून पाय रोवायची त्याला सवय होती. त्यामुळे त्याच्या जागेवर रोज दोन खोल पावलं उमटत. दुसऱ्या बेसवर त्याचा जोडीदार पहिल्या वर्षाचा मोचिदा. घरचा टोफूचा धंदा, पोरगं चपळ, पण जीव हळवा. हातून चेंडू निसटला की किरिशिमा म्हणायचा, "मोचिदा, चेंडू आहे तो. टोफू नाही. घट्ट धरलास तर फुटत नाही." सगळे हसत, मोचिदाही हसे, आणि पुढचा चेंडू नीट पकडे.

मग युद्ध वाढलं. बेसबॉल शत्रूचा खेळ ठरला. 'स्ट्राइक' म्हणायलाही बंदी आली, पंचाने 'योशी' म्हणायचं, म्हणजे 'ठीक'. १९४३च्या वसंतात सामनेच बंद झाले आणि शरदात विद्यार्थ्यांना सैन्यात बोलावणं आलं. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी शेवटचा सराव झाला. नऊच जण उरले होते. किरिशिमाला सव्वापाचची गाडी धरायची होती. त्याला तोंबो संपेपर्यंत थांबता येणार नव्हतं. त्याने मला भिंतीपासून उचललं आणि मोचिदाच्या हातात दिलं.

"सगळं सारखं कर," तो म्हणाला. "माझी जागासुद्धा. काही मागे ठेवू नकोस."

"हो, किरिशिमासान."

"आणि रडू नकोस."

"रडत नाहीये. धूळ गेली डोळ्यात."

"धूळही बरी, बरोबर तुलाच शोधून काढते."

एवढं बोलून तो धावतच गेला. मैदानाकडे तोंड करून वाकायचंही राहून गेलं.

मोचिदाने मैदान ओढलं. इतकं सुंदर त्याने कधी ओढलं नव्हतं. मग तो शॉर्टस्टॉपच्या जागेशी आला. ती दोन पावलं ताजी होती, खिळ्यांची भोकंसुद्धा स्पष्ट दिसत होती. त्याने फळी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी त्याने मला बाजूला ठेवलं आणि ती पावलं तशीच सोडून तो घरी गेला. मला तेव्हा त्याची कीव आली. मायेपोटी कुणीही असंच केलं असतं, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी दक्षिणेच्या समुद्रात किरिशिमाचं जहाज बुडाल्याची बातमी आली. त्याच्या आईला अस्थी म्हणून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी मिळाली, तिच्यात एक खडा होता. आमच्या मैदानात तोवर रताळी लावली होती. रताळ्याचे वेल कसे फोफावतात तुम्हाला ठाऊक आहे, दगडावरही चढतात. त्या दोन पावलांपाशी मात्र वेल वळसा घालून जायचे. रताळी खणायला येणाऱ्या बायका त्या जागेवरून टोपली उचलून बाजूला ठेवायच्या. का, असं एकीने दुसरीला कधी विचारलं नाही.

युद्ध संपलं, वेल उपटले, संघ पुन्हा उभा राहिला. मोचिदाही कारखान्यातली सक्तीची नोकरी संपवून परतला, आता तो सेन्पाई होता. नव्या मुलांनी ती पावलं पाहून विचारलं, "ही का ठेवलीत? ओढून टाकू?" मोचिदा मला हातात धरून उभा होता. कप्तानाने जाताना सांगितलेलं आपण केलं नाही, हे त्याच्या ओठांवर येईना.

"हात लावू नका," तो म्हणाला. "किरिशिमा सेन्पाईंचा हुकूम आहे. ते येईपर्यंत ही जागा अशीच ठेवायची."

सगळ्यांनी टोप्या काढल्या. झालं. ज्याने हुकूम दिला म्हणायचं तो मेलेला, आणि त्याच्याशिवाय हुकूम मोडणार कोण? मोचिदा पदवी घेऊन गेला, ती मुलं सेन्पाई झाली, त्यांनी पुढच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. एक मेंढरू गेलं की मागची सगळी जातात, आणि जाताना मान खाली घालून जातात.

पाऊस यायचा, वादळं यायची, एकदा नदीचं पाणीही मैदानात शिरलं. दुसऱ्या दिवशी ती पावलं तशीच, कडा नुकत्याच कापल्यासारख्या. थंडीत सगळ्या मैदानावर हिमाच्या सुया उगवत, त्या दोन ठशांत मात्र माती उबदार आणि ओली. जो तिथे शॉर्टस्टॉप म्हणून खेळायचा, त्याला पावलांच्या हातभर मागे उभं राहावं लागे. त्यातले बहुतेक जण उभं राहण्याआधी आपोआप पुटपुटत, "माफ करा, जरा येतो." पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याचं हसू यायचं. दुसऱ्या वर्षी तीच मुलं पुटपुटायची.

मीही म्हातारा झालो. फळीला चीर गेली, तिला तार बांधली, आणि अॅल्युमिनियमचे हलके तोंबो आल्यावर मला सामानाच्या खोलीत लटकवलं. कुणी पुसलं नाही की तेल दिलं नाही, वाळवी मात्र मनापासून विचारपूस करायची. माझ्यासमोर छोटी खिडकी होती. तिच्यातून शॉर्टस्टॉपची जागा दिसे. संध्याकाळी मुलं वाकून निघून गेली की त्या जागेवर धूळ उडायची. वारा नसतानाही. आधी एक छोटा भपका, मग शेजारी दुसरा. टाचा फिरवून पाय रोवल्यावर उडते तशी. रोज. वर्षानुवर्षं. तेव्हा मला उलगडा झाला आणि माझं लाकूड आतून गार पडलं. त्याची जागा पुसली नव्हती. त्याचा सराव संपलेलाच नव्हता. तो पुढच्या चेंडूची वाट बघत होता, आणि त्याला मोकळं करू शकणारी फळी अंगाला असूनही मी भिंतीवर लटकत होतो.

१९७४च्या शरदात ते घडलं. आजूबाजूची माती तीस वर्षं ओढून ओढून खाली गेली होती आणि ती पावलांची जागा दगडासारखा उंचवटा होऊन बसली होती. त्या वर्षी उएमात्सु नावाचा मुलगा शॉर्टस्टॉप होता. जमिनीलगत जोरात चेंडू आला. सरळ पुढे पाऊल टाकलं असतं तर मिळाला असता, पण मधे ती पावलं होती. त्याने त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून अंग वळवलं. चेंडू उंचवट्यावर आपटून उसळला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

नवे प्रशिक्षक बाहेरून आलेले, ते संतापले. "आत्ताच्या आत्ता ती जागा सपाट करा." मुलं खाली मान घालून उभी राहिली. एकही हलला नाही. तेव्हा संघाची नोंदवही ठेवणाऱ्या चिझुरु नावाच्या मुलीने जुन्या नोंदी उलटून हा हुकूम पहिल्यांदा सांगणाऱ्या मोचिदाचा पत्ता शोधला आणि त्याला पत्र धाडलं.

मोचिदा आला. पन्नाशीचा, काळ्या सुटातला, टोफूच्या पाण्याने बोटं सुरकुतलेली. सगळा संघ मैदानाच्या कडेला रांगेत उभा होता. उएमात्सुच्या डोळ्यावर पट्टी होती.

"डोळा कसा आहे?" मोचिदाने विचारलं.

"अर्धवट दिसेल म्हणतात डॉक्टर." मग तो घाईने म्हणाला, "पण सेन्पाई, मी जागा मोडली नाही. पाय पडू दिला नाही."

मोचिदाचा चेहरा ते ऐकून जसा झाला तसा मी कुणाचाही पाहिलेला नाही. तो सुटासकट मातीत गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ टेकवलं.

"हुकूम नव्हता," तो म्हणाला. "पुसायला सांगितलं होतं. माझ्याच्याने झालं नाही. मग लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

चिझुरु शॉर्टस्टॉपच्या जागेकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे ते इतकी वर्षं..." तिने वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. त्या मैदानावर उघड कुणी कधी बोललं नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

उएमात्सु म्हणाला, "माझ्या डोळ्याचं नंतर बघू, मोचिदासान. आधी त्यांना घरी जाऊ द्या."

मोचिदाने अॅल्युमिनियमचा तोंबो घेतला नाही. तो खोलीत आला, मला खुंटीवरून काढलं, बाहीने पुसलं. एकतीस वर्षांनी त्याचा तळवा मी लगेच ओळखला. ऊन उतरत होतं. त्याने बूट काढले आणि सगळं मैदान ओढलं, मागे मागे चालत, स्वतःचीही खूण न ठेवता. मग त्या जागेवर फळी टेकवली आणि ओढली. मी हललो नाही. माझ्यावर कुणीतरी उभं होतं, मित्रांनो. दोन पायांचं पुरतं वजन. माझी चीर करकरली, तार ताणली.

"किरिशिमासान," मोचिदा म्हणाला. "सराव संपला. मला उशीर झाला."

फळीवरचं वजन थोडा वेळ तसंच राहिलं. मग आधी एक पाय उतरला, नंतर दुसरा. मी सरकलो. उंचवटा ढेकळासारखा फुटला आणि माती सारखी झाली.

सगळा संघ वाकला. मान वर केली तेव्हा नुकत्याच ओढलेल्या मातीवर, तिथून मैदानाच्या कडेपर्यंत, खिळ्यांच्या बुटांची एक ओळ उमटलेली होती. सावकाश चाललेली पावलं. कडेच्या पांढऱ्या रेषेपाशी ती मागे वळली होती, टाचा रेषेबाहेर, बोटं मैदानाकडे, दोन्ही पाय जुळवून. त्यापुढे काही नव्हतं. मोचिदा बराच वेळ तिथे उभा राहिला आणि मग त्याने तीही पुसली. या खेपेला त्याने फळी एकदाच टेकवली.

उएमात्सुचा डोळा पूर्ण सुधारला नाही. मोचिदा पुढे जन्मभर त्याला नेमाने भेटत राहिला, पण त्याने डोळा परत येत नसतो. शॉर्टस्टॉपच्या जागेवर आता बाकीच्या मैदानासारखंच हिम पडतं.

मित्रांनो, जुन्या अवजारांना पावसात टाकू नका, वर्षातून एकदा तरी तेलाचा हात फिरवा, हे मी सांगणारच. म्हाताऱ्याचा तेवढा हक्क आहे. पण त्याहून मोठी विनंती अशी की कुणी गेलं तर त्याला पुरतं जाऊ द्या, आणि आपल्या हातून राहिलेलं काम त्याच्या इच्छेच्या नावावर खपवू नका. बावीस वर्षांचा एक मुलगा एकतीस वर्षं उन्हापावसात उभा होता, आणि आम्ही सगळे समजत होतो की आपण त्याचा मान राखतोय.