हात ठेवायची जागा

शूशानबाई गिटार वाजवू लागल्या की त्या गिटारीच्या पोटातून माणसं चालत बाहेर येत, याचं मिरजेत आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. गिटारीच्या गोल तोंडातून आधी एक हात यायचा, मग डोकं, मग बाकीचा माणूस सावकाश, अंगावरच्या जाड लोकरी कपड्यांसकट, चांगला पुऱ्या उंचीचा. एका बैठकीला दोघं-तिघं, फार तर एखादं लेकुरवाळं कुटुंब. सगळी गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली. बाहेर आली की पाणी मागायची आणि पाणी पिऊन झालं की आपल्या भाषेत विचारायची, "किती राहिलं?"

शूशानबाई त्याच भाषेत सांगायच्या, "थोडंच राहिलं."

मग ती माणसं परसदाराने पेरूच्या झाडाखालून स्टेशनच्या दिशेने चालू लागायची. स्टेशनवर मात्र ती कुणाला कधी दिसली नाहीत.

"तुझी माणसं आली की माझी कळशी रिकामी होते गं," शेजारच्या यमूताई साठे म्हणायच्या. पण गिटारीचा आवाज आला रे आला की तांब्या-भांडं घेऊन कुंपणाशी उभ्या त्याच असायच्या. "एवढ्या लांबून येतात आणि नुसतं पाणी. कुणी कधी गूळसुद्धा मागत नाही. कसली ही माणसं."

माणसं आर्मेनियन होती, शूशानबाईंच्याच घरची आणि गावची. त्यांच्या पणजीला, तागूहीला, डोंगरातल्या त्या गावातून एका सकाळी हाकलून काढलं, तेव्हापासून हे घराणं चालतच होतं. अलेप्पो झालं, बसरा झालं, बोटीने मुंबई झाली, आणि वडील रेल्वेत लागले म्हणून शेवटी मिरज. पणजीचं वाद्य वाटेतच कुठेतरी टाकावं लागलं. तिची एक चाल तेवढी तोंडातोंडी आली. वडिलांनी पुढे गिटार घेतली तेव्हा ती चाल बिचारी त्या गिटारीत बिऱ्हाडाला राहिली.

त्या चालीला शेवट होता, पण तो कुणीच ऐकला नव्हता. पणजीने चालता चालता नेम घालून दिला होता की शेवट वाजवायचा तो आपल्या उंबऱ्यावर पोचल्यावर. तोवर चाल एका ठरलेल्या सुरापर्यंत न्यायची आणि तारांवर तळवा ठेवून ती मिटवायची. घरात त्या सुराला 'हात ठेवायची जागा' म्हणत. शूशानबाईंना गिटार धरता यायच्या आधी ही जागा शिकवली गेली होती. लहान मुलाला विहिरीचा काठ दाखवतात, तशी.

तळवा पडला की आत चालत असलेली माणसं आतच राहायची. आणि घरातलं जे कुणी देवाघरी जाई, ते त्या रांगेच्या शेपटाला जाऊन लागे.

शूशानबाईंची आई, आराक्सी, गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, "आराक्सी मागे आहे का?"

"आहे. हळू येते. ओझं आहे तिच्यापाशी."

"कसलं ओझं?"

"मोठं आहे," एवढंच ती माणसं सांगत आणि चालू लागत.

मग एके दिवशी एक म्हातारा बाहेर आला. दोन भांडी पाणी प्यायला. शूशानबाईंनी आईची चौकशी केली तेव्हा त्याने मागे वळून गिटारीत पाहिलं आणि म्हणाला, "आता दिसत नाही. फार मागे पडली. तू दर वेळी मिटवतेस ना, तेव्हा पुढचे बाहेर पडतात आणि मागच्यांचा रस्ता तेवढा वाढतो."

त्या रात्री शूशानबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाल हात ठेवायच्या जागेपर्यंत नेली आणि पुढे जायचं ठरवलं. हात आपोआप तारांवर पडला. पुन्हा वाजवलं, पुन्हा पडला. मनगट लुगड्याच्या चिंधीने खुर्चीला बांधलं, तर चिंधीसकट पडला. हात त्यांचाच होता, पण सवय पणजीची होती.

तेव्हा त्या सदूबुवा टेंब्यांकडे गेल्या. बुवांच्या कीर्तनात त्या कितीतरी वर्षं मागे बसून गिटारीची साथ करत. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली होती, मग बुवांनी भर कीर्तनात सांगितलं होतं की देवाला तारा मोजायची सवय नाही, आणि विषय संपला होता. बुवा आता थकले होते. घसा बसला होता. ओसरीवर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते.

"बुवा, माझा हात ऐकत नाही," शूशानबाई म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

बुवांनी गुळणी टाकली. "उद्या माझ्या गादीवर बसून वाजवा."

नारदाची गादी म्हणजे कीर्तनकार उभा राहतो ती जागा. दिसायला सतरंजीचा एक तुकडा. पण त्याच्यावर पाऊल ठेवलं की आरती होईपर्यंत उतरता येत नाही आणि हाती घेतलेलं अर्धवट टाकता येत नाही.

"तिथे उभं राहतात, बुवा."

"आम्ही उभे राहतो. तुमचं वाद्य मांडीवरचं, त्याला तुम्ही काय करणार? गादी समजून घेईल. मला एकदा पूर्वरंगात विंचू चावला. उत्तररंग पुरा केला, आरती केली, मग बोंबललो. मध्ये बोंबलावंसं वाटलं नाही असं नाही. आवाजच निघेना. गादी निघू देत नाही."

"आणि शेवट इथे वाजवला तर? तो उंबऱ्यावर वाजवायचा आहे."

बुवांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "ते तुम्ही ठरवायचं, बाई. मी तुम्हाला जागा देतो. उंबरा नाही देऊ शकत."

दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या घाटाजवळच्या दत्ताच्या देवळात दुपारचं कीर्तन होतं. ऊन सभामंडपात अर्ध्यापर्यंत आलं होतं. पूर्वरंग संपला. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला. या विसाव्याच्या वेळी कुणीतरी एखादं पद म्हणतं. बुवा बाजूला झाले आणि म्हणाले, "आज बाई वाजवतील. कुणी उठू नका."

शूशानबाईंनी लाकडी स्टूल गादीवर ठेवलं आणि बसल्या. स्टुलाचे पाय सतरंजीत बोटभर रुतले. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

माणसं येऊ लागली. घरी दोघं-तिघं यायची, इथे एकामागून एक, थांबायचं नावच नाही. आणि देवळाला परसदार नव्हतं. पाणी पिऊन पुढे जायला वाटच नसल्यामुळे ती मंडपातच उभी राहू लागली. ऐकायला बसलेले लोक मांड्या आवळून पुढे सरकले. मग अजून सरकले. दर माणसामागे मंडपाचे खांब एकमेकांजवळ येत होते. पेटीवाल्याला भाता हलवायला कोपर फिरेना. दारातलं आभाळ आधी दाराएवढं होतं, मग पंच्याएवढं झालं, मग जानव्याएवढं.

"अहो, जरा आत व्हा, आत व्हा," यमूताई हंडा कमरेवर घेऊन म्हणत होत्या. "तुम्ही नव्हे, तुम्ही पाहुणे. आमच्यातल्यांना म्हणतेय."

सगळे एकच विचारत होते, आणि वाजवता वाजवता शूशानबाई एकच उत्तर देत होत्या.

मग एक ठेंगणी बाई बाहेर आली. तिने पाणी मागितलं नाही. ती सरळ गादीपर्यंत आली आणि शूशानबाईंच्या उजव्या हाताकडे बघत उभी राहिली. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, फोटोही नव्हता. पण हात ओळखीचा होता. तो त्यांचाच होता.

"जागा आली," तागूही म्हणाली. "हात ठेव."

"नाही ठेवत, पणजी."

"इथे उंबरा नाही."

"आई मागे राहिलीय."

"सगळ्यांचं कुणी ना कुणी मागे राहिलंय. इथे शेवट केलास तर आपण इथलेच होऊन जाऊ. मग ते गाव कुणाचं राहणार नाही."

शूशानबाईंच्या छातीत कळ आली. ते गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं, तरी आली. पण बोटं थांबली नाहीत. "पणजी, मी इथे जन्मले. आईला इथल्या मातीत ठेवलं. मला दुसरा उंबरा दाखव, मी तिथे जाऊन वाजवते."

तागूहीने मंडपभर नजर फिरवली. "इथलं पाणी कसं आहे?" तिने विचारलं.

शूशानबाईंनी तेच मराठीत विचारलं.

"विहिरीचं आहे. गोड आहे," यमूताई म्हणाल्या. "उन्हाळ्यात जरा तळाला जातं, पण आटत नाही. सांग तिला."

तेवढ्यात तो सूर आला. शूशानबाईंचा तळवा वर उचलला गेला, सवयीने खाली पडला, आणि तारांच्या बोटभर वर अडला. हवेत जणू कुणी पाट धरला होता. गादीने धरला होता. चाल मिटली नाही. ती पुढच्या सुरावर उभी राहिली, आणि पुढे काय आहे हे त्या मंडपात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शूशानबाईंनी एक सूर चाचपला. तो पायाखालून निसटला. दुसराही निसटला. त्यांच्याकडची रीत अशी की एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने एकच सूर न सोडता धरायचा, म्हणजे वाजवणारा कितीही लांब गेला तरी त्याला परतायला घर असतं. हा सूर आई धरायची. ती गेल्यापासून त्या एकट्या वाजवत होत्या.

"बुवा," त्या म्हणाल्या, "खालचा सूर धरता का?"

"घसा बसलाय."

"एकच हवाय."

"एक निघेल," बुवा म्हणाले, आणि त्यांनी षड्ज लावला. सूर खरखरीत होता, पण हलत नव्हता. शूशानबाईंनी त्याच्यावर पाय रोवला आणि निघाल्या. आता सूर सापडत गेले. प्रत्येक सुराला गादीसमोरची फरशी तसूभर वर येऊ लागली, आणि बघता बघता तिथे एक ओबडधोबड, काळा, मधे झिजलेला उंबरा झाला.

गिटारीची सगळ्यात जाड तार ढिली पडू लागली. आत कुणीतरी तिला धरून चढ चढत होतं. शूशानबाई वाजवता वाजवता खुंटी पिळत होत्या. पिळली की आतलं माणूस जवळ यायचं, आणि जवळ आलं की तार पुन्हा त्याच्या भाराने उतरायची. खुंटीने त्यांच्या बोटाची साल काढली. त्यांनी दुसऱ्या बोटाने पिळली.

"सोडू नका, बाई," कोणीतरी मागून म्हणालं.

मग गिटारीच्या तोंडातून लाकडाची एक कड बाहेर आली. ते दार होतं. अक्रोडाचं, जाड, लोखंडी कडी असलेलं, माणसाहून उंच. ते गिटारीतून येणं शक्य नव्हतं आणि ते आलं. गिटारीचं पोट उभं तडकलं, पण तारा जागच्या जागी राहिल्या. दाराखाली वाकलेली आराक्सी होती. पट्ट्याने ते पाठीशी बांधलेलं होतं. ते दार गावच्या ज्या घराचं, ते तिने कधी पाहिलं नव्हतं, तिचा जन्मही गाव सुटल्यानंतरचा. पण शेवटी चालणाऱ्याने दार आणायचं असतं, म्हणून तिने आणलं होतं.

शूशानबाई "आई" म्हणाल्या. आराक्सीने वर पाहिलं नाही. तिला आधी दार उतरवायचं होतं. माणसांनी ते तिच्या पाठीवरून घेतलं आणि उंबऱ्यावर उभं केलं. मागेपुढे भिंत नव्हती, तरी ते उभं राहिलं. तागूहीने कडीला हात लावला. कडी तिच्या हाताला ओळखीची निघाली. ती आत ढकलायला लागली.

"थांबा, थांबा," यमूताई हंडा खाली ठेवून पुढे आल्या. "पोचलात ना आता? मग आधी पायातलं काढा. देऊळ आहे हे. आणि घरात तरी कुणी असं शिरतं का?"

शूशानबाईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. सगळ्यांनी खाली पाहिलं. गाव सुटलं त्या सकाळपासून कुणी पायातलं काढलं नव्हतं. मग मंडपभर माणसं वाकली. कातडी जोडे, चिंध्या गुंडाळलेले बूट, एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरंच, असं सगळं निघू लागलं, आणि मंडपात कुठल्या कुठल्या देशांची माती सांडली. अनवाणी झालेला माणूस उंबरा ओलांडून खाली बसे, आणि तो बसला की खांब जरासे मागे सरत.

आता आलेले सगळे बसले होते. उभी होती ती एकटी आराक्सी. चालीचा एकच सूर उरला होता. तो कुठला हे शूशानबाईंना कळलं होतं. बोट तारेखाली तयार होतं. पण आई उंबऱ्याबाहेर असताना तो वाजला, तर ती बाहेरच राहिली असती.

आराक्सी उंबऱ्यापाशी टेकली आणि बुटाची नाडी सोडू लागली. नाडी कितीदा भिजून कितीदा वाळली होती, तिची गाठ खड्यासारखी झाली होती. नखं लागेनात. बुवांचा सूर बारीक झाला. त्यांच्या मानेवरची शीर वर आली, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी श्वास घेतला नाही, कारण श्वास घेतला तर सूर तुटला असता. यमूताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

शूशानबाईंनी तार बोटावर ओढून धरली.

आराक्सीने पाय जवळ घेतला, खाली वाकली, आणि गाठ दातांत धरली.