हिरवा हापसा

या, असे जवळ सरकून बसा. पद्मा नदीकाठच्या बसंत मंडलची गोष्ट सांगतो. नामकीर्तनात मृदंग वाजवणारा भाविक माणूस, पण त्या दिवशी त्याची मान खाली गेली ती गेलीच.

त्याच्या अंगणातल्या हापशाचं तोंड तपासणीवाल्यांनी लाल रंगवलं होतं. लाल म्हणजे पाण्यात आर्सेनिक आहे, पिऊ नका; हिरवा म्हणजे पाणी चांगलं. आरोग्यताईने बजावलं होतं, "काका, यकृत हे विष जमेल तितकं बदलून लघवीवाटे काढतं. पण रोज नवं येत राहिलं तर ते तरी किती पुरं पडणार? उरलेलं कातडीत, नखांत बसतं. पोटातल्या बाळालाही पोचतं." बसंतच्या मुलीच्या, शेफालीच्या, तळहातांवर कडक पुटकुळ्या तर उठल्याच होत्या.

आणि तिला बघायला पाहुणे यायचे होते. लाल हापशाच्या घरातली मुलगी कोण करून घेणार? आदल्या दिवशी बसंतने हापशाला हिरवा रंग फासला. पाहुणे गेले की पुन्हा लाल करू, असं त्याने मनाला समजावलं.

पाहुण्यांपुढे नारळाचे लाडू आले, तोच शेजारची लवंगलता कळशी घेऊन अंगणात शिरली. दिवस भरत आलेले.

"काका, पुन्हा तपासून घेतलंत वाटतं? बरं झालं. मशिदीच्या नळापर्यंत जाऊन कंबर मोडली माझी. देव तुमचं भलं करो."

"नवऱ्याला धाड की," मुलाची आत्या हसली. "त्याला काय नुसता भात गिळायला ठेवलाय?"

हापसा खडखडला, कळशी भरू लागली. बसंतची मान खाली गेली. तो आशीर्वाद त्याला चटक्यासारखा लागला होता.

शेफाली उठली. सकाळी पायांना लावलेल्या अळत्याची बाटली तिने आणली आणि हापशाच्या तोंडावर उपडी केली. हिरव्यावरून लाल ओघळ निघाले.

"वहिनी, ओतून टाक. हा लालच आहे." मग पाहुण्यांपुढे तिने दोन्ही तळहात उघडले. "आणि हे बघून घ्या."

आत्याने चहाची कपबशी खाली ठेवली. "यातलं पाणी?"

"मशिदीच्या नळाचं. पहाटे मीच आणलंय."

पाहुणे उठून गेले, निरोप काही आला नाही. लवंगलता बाळंत होईपर्यंत तिची कळशी रोज बसंतने वाहिली. ती म्हणायची, "राहू द्या हो, काका," पण त्याने कधी वर पाहिलं नाही.

हापशाखाली ओंजळ धराल, तेव्हा शेफालीला आठवा. एवढंच मागणं.