किक ती मारायची

आमच्या घरात गाडीची किक माझी बायको मिराबाई मारायची आणि गाडी मी चालवायचो. मी मारली की गाडी लागत नसे. तिने मारली की दुसऱ्या किकला लागायची. मग ती बाजूला व्हायची, मी बसायचो, ती मागे बसायची. अख्खा तांडा हसायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. बावीस वर्षं असंच चाललं.

मिराबाई एप्रिलमध्ये गेली. हळद शिजवून, वाळवून झाली होती. ट्रॅक्टरवरच्या ड्रममध्ये घोळून पॉलिश करायचं काम आदल्याच दिवशी सुरू झालं होतं. तिला ताप आला. आखाडा बाळापूरला दाखवलं, तिथून नांदेडला नेलं. सहाव्या दिवशी तिला परत आणलं. त्यानंतर मी गाडीकडे पाहिलं नाही. ती शेडमध्येच उभी होती.

दिवाळीला चार दिवस होते तेव्हा मिनाचा फोन आला. मिना आमची एकुलती एक लेक. डोंगरकड्याच्या जवळच्या तांड्यात दिली आहे. दर दिवाळीला मी आणि मिराबाई गाडीवर तिला आणायला जायचो आणि तिघं एका गाडीवर परत यायचो.

"बा, मी या दिवाळीला येत न्हाई," ती म्हणाली.

"काहून?"

"घरी कोण हाय? याडीच न्हाई तर येऊन काय करू?"

याडी म्हणजे आई. दिवाळीला आम्ही निखाऱ्यावर तूप आणि लापशी टाकतो आणि घरातल्या मेलेल्या माणसांची एकेक करून नावं घेतो. त्याला आम्ही धबुकार म्हणतो. या वर्षी त्यात मिराबाईचं नाव पहिल्यांदा येणार होतं. ते मी एकट्याने घ्यायचं?

"मी येतो तुला न्यायला," मी म्हणालो. "गाडीवर येतो."

"गाडी कोन चालू करंल?"

"मी करीन."

ती हसली की रडली ते कळलं नाही. मग म्हणाली, "चालू झाली तर येते. बसनं आलात तर येणार न्हाई, आत्ताच सांगते."

तिने फोन ठेवला. तिला वाटलं असेल, बाला काही जमणार नाही, विषय संपला. मला मात्र एक गोष्ट स्वच्छ दिसली. या वर्षी ती आली नाही तर पुढच्या वर्षीही येणार नाही. मग तिला माहेर उरणार नाही.

त्याच दुपारी गाडी शेडमधून अंगणात काढली. मागचं चाक बसलं होतं, त्यात हवा भरली. सीटवर, टाकीवर, इंजिनच्या खाचांत पिवळी धूळ साचली होती. ड्रम चालतो तेव्हा हळदीची साल निघते आणि सगळं पिवळं होतं, माणसं, म्हशी, झाडं. फडक्याने पुसली आणि किक मारायला लागलो.

चाळीस-पन्नास किका मारल्या. शेजारचा भावसिंग खाटेवर बसून बघत होता. तो माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा. त्याच्याकडे बटनाची नवी गाडी आहे.

"नरसिंग, पाय मोडून घेशील. माझी गाडी ने की."

"मला हीच पाहिजे."

"मग पेट्रोलची चावी तर उघड. बंद हाय ती. मघापासून बघून राहिलो."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुला व्यायाम होऊन राहिला होता."

चावी उघडली. तरी काही नाही. मग टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून पाहिलं. कडक चहासारखं झालं होतं, वासही वेगळा येत होता. सात महिन्यांचं पेट्रोल. माझं चुकलं ते असं की मी त्याच्यावरच नवीन पेट्रोल ओतणार होतो. भावसिंगनेच हात धरला. सगळं काढलं, टाकी धुतली, नवीन भरलं. दिवस मावळला. गाडी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जीपने आखाडा बाळापूरला गेलो. रामकिशनचं गॅरेज बाजाराच्या तोंडाशी आहे. आमची गाडी तोच बघायचा. दिवाळीमुळे त्याच्या दारात पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या.

"काका, दिवाळीनंतर आणा. आता जमत न्हाई."

"मला आधीच पाहिजे. तू सांग, मी करतो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. हात पुसत म्हणाला, "सांगितलं असतं. पण काकूंना सांगणं सोपं होतं. गाडी आणली की तुमी चहाला जायचे. काकू इथंच हुभ्या. हे काय, ते काय, काहून काढलं. एकदा तर मला म्हणल्या, रामकिशन, तो स्क्रू तू बसवलाच न्हाई. खरंच राहिला होता."

बावीस वर्षं मी समोरच्या हॉटेलात बसून चहा पीत होतो. ती बावीस वर्षं इथे उभी राहून शिकत होती.

"मी बी हुभा राहतो," मी म्हणालो. "दाखव."

तो कामात होता, तरी दाखवलं. प्लग कसा काढायचा, पॉलिश पेपरने कसा घासायचा, कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू सोडून आतला कचरा कसा काढायचा. म्हणाला, "किका मारल्यावर प्लग काढून बघा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत न्हाई. ओला निघाला तर पेट्रोल पोचून राहिलं, पण जळत न्हाई. मग ठिणगी बघायची. प्लग वायरीच्या टोपणात घालून इंजिनला टेकवा आणि किक मारा. निळी ठिणगी दिसंल." नवीन प्लग आणि प्लग पाना दिला. शेवटचं म्हणाला ते मी ऐकलं, पण लक्षात ठेवलं नाही: "प्लग हातात धरू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्बोरेटरचा स्क्रू सोडला. हिरवट घाण निघाली. स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत सोडून दिलं. नवीन प्लग लावून किका मारल्या. लागली नाही. प्लग काढला, ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. ठिणगी बघायची म्हणून प्लग बोटांत धरला, इंजिनला टेकवला आणि किक मारली.

कोपरापर्यंत झटका बसला. मी ओरडलो आणि पाना लांब उडाला. भावसिंग खाटेवरून उठलाच. अर्ध्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "चालू झाला, चालू झाला! गाडी न्हाई, नरसिंग चालू झाला!"

बायका दारात आल्या. मीसुद्धा हसलो. एप्रिलनंतर पहिल्यांदा. मग वाईट वाटलं, आणि मग पुन्हा कामाला लागलो. या वेळी चिंधीने टोपण धरलं, प्लग इंजिनवर टेकवून ठेवला. निळी ठिणगी पडली. टिक टिक, बराबर पडत होती.

पेट्रोल आहे. ठिणगी आहे. तरी गाडी लागत नाही. प्लग पुसून लावला, दहा किका मारल्या, काढला, पुन्हा ओला. असं चार वेळा केलं. नडगीला किक लागून रक्त आलं. रामकिशनला फोन लावला, त्याने उचलला नाही.

भावसिंग जवळ येऊन बसला. आता तो हसत नव्हता. "भंगारात दे, भाऊ. मिनाला मी समजावतो."

"न्हाई."

मी उठून हळदीच्या चुलवणापाशी जाऊन बसलो. दर वर्षी तिथेच कढईत हळद शिजवतो. हे काम माझं. त्यात मला कोणी शिकवायची गरज नाही. बसल्या बसल्या चुलवणाच्या तोंडातली जुनी राख काठीने उकरत होतो. राख तोंडात साचली की असं होतं, खाली लाकूड असतं, जाळ असतो, पण नुसता धूर निघतो. लाकूड जास्त घातलं तर धूर जास्त. नवी माणसं लाकूडच घालत राहतात. तोंड मोकळं केलं, वारा आत गेला, की भडकतं.

काठी तिथेच टाकली आणि गाडीपाशी आलो. लाकूड म्हणजे पेट्रोल. जाळ म्हणजे ठिणगी. मग ही श्वास कुठून घेते?

मला माहीत नव्हतं. कार्बोरेटरवर बोट ठेवलं आणि त्यातून मागे गेलेल्या रबरी नळीवरून बोट सरकवत नेलं. नळी सीटखाली, बाजूच्या झाकणाआड गेली होती. झाकणाचा स्क्रू रुपयाच्या नाण्याने सोडला. आत काळा डबा होता. डब्याला एक तोंड होतं. त्या तोंडात कापडाचा बोळा गच्च कोंबलेला होता.

बाहेर ओढला. वीतभर कापड, हळदीने पिवळंधमक. झटकलं तेव्हा आतला लाल रंग दिसला आणि कडेला शिवलेला एक आरसा. मिराबाईच्या जुन्या ओढणीचा तुकडा होता.

मग आठवलं. दर वर्षी ड्रम सुरू व्हायच्या सकाळी ती माझ्या नाकातोंडावर फडकं बांधायची, स्वतःच्या बांधायची, आणि मग शेडमध्ये गाडीपाशी बसून काहीतरी करायची. मी विचारलं तर म्हणायची, "तुमाला बांधलं, हिला नको का?" मला वाटायचं, थट्टा करते. पॉलिश संपलं की काढून टाकत असेल. या वर्षी काढायला ती राहिली नाही.

मी बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसलो. भावसिंग जाऊन पाणी घेऊन आला.

डबा पुसला, आतला फिल्टर झटकला. प्लग काढून उन्हात ठेवला. प्लगाच्या भोकावर फडकं धरून दहा-बारा किका मारल्या आणि आत साचलेलं पेट्रोल उडवून लावलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्लग बसवला. पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीला खोकली. चौथीला लागली, आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघाला. रेस सोडली, बंद पडली. पाचवीला पुन्हा लागली. या वेळी रेस सोडली नाही.

भावसिंगने त्याच्या फोनवरून मिनाला लावला आणि फोन सायलेन्सरजवळ धरला. मग माझ्या कानाला लावला.

"कोनाची गाडी हाय, बा?" ती म्हणाली.

"आपली."

"सकाळी येता का?"

"सकाळी येतो."

ओढणीचा तुकडा धुतला नाही. घडी करून गाडीच्या डिकीत पान्यांजवळ ठेवला. एप्रिलमध्ये पुन्हा ड्रम येईल, तेव्हा लागेल.

सकाळी भावसिंगच्या बायकोने, रुक्माबाईने, चहा दिला आणि ती म्हणाली, "भाऊजी, मागं कोनी न्हाई, सावकाश जा." मी सावकाश गेलो. डोंगरकड्यापर्यंत गाडी एकदाही बंद केली नाही. बाळापूरच्या चौकात गर्दी होती तिथे पाय टेकवत टेकवत काढली, पण रेस धरून ठेवली. मिनाच्या दारातही चालूच ठेवली. ती पिशवी घेऊन तयार उभी होती. जावई सुदाम म्हणाला, "बंद करा की, चहा घ्या."

"पुन्हा लागली न्हाई तर?"

मिना पुढे आली. तिने चावी फिरवली आणि गाडी बंद केली. "चहा घ्या," म्हणाली.

चहा घेतला. गोड होता की फिका ते सांगता येणार नाही. बाहेर येऊन किक मारली. लागली नाही. सुदामकडे मी पाहिलं नाही. दुसरी मारली. लागली.

मिना मागे बसली. कामठ्याच्या पुढे आल्यावर तिने विचारलं, "काय बिघडलं होतं गाडीचं?"

"काहीच न्हाई. तुझ्या याडीनं तिचं तोंड बांधून ठेवलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून."

तिने माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. बाळापूर दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "लापशीला गूळ हाय का घरात?"

"न्हाई."

"मग बाजारात थांबा."

"थांबलो तर बंद करावी लागंल."

"करा," ती म्हणाली. "या वेळी किक मी मारते."