प्रीतमच्या नावावरची थुंकी

बुटीबोरीच्या सूतगिरणीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: प्रीतम रामटेकेला कॅन्सर होत नाही. तसा कागदच होता त्याच्या खिशात, "तोंडाच्या कॅन्सरची जनुकीय जोखीम: कमी". पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत तो कागद चार जणांना दाखवून व्हायचा. आधी दिवसाला चार खर्रे लागायचे, कागद आल्यापासून सहा लागू लागले.

कागदावर नाव प्रीतमचं होतं, पण तपासलेली थुंकी होती त्याच्या बायकोची, मेघाची.

झालं असं, की प्रीतमचे वडील तोंडाच्या कॅन्सरनंच गेलेले. म्हणून गिरणीत तपासणीचं शिबिर आलं, तेव्हा त्याचं नाव यादीत पहिलं लागलं. शिबिराच्या डॉक्टर गार्गी मॅडमनी नळी घरी नेऊ दिली. तासभर तोंडात काही टाकायचं नाही, मग नळीत थुंकायचं आणि सकाळी आणून द्यायचं, बस. प्रीतम वीस मिनिटं कसाबसा बसला. मग म्हणाला, "मेघा, तूच थुंक वं यात. तू खर्रा नाही खात, तुही थुंकी साफ येईन."

आणि ही शहाणी थुंकली! सासऱ्याच्या रक्ताचा थेंब हिच्या अंगात नाही, मग तपासणार काय, कपाळ? पण तेव्हा तिला तेवढं सुचलं नाही. खरं सांगायचं तर घरात कटकट नको होती तिला.

दोन-तीन महिन्यांत प्रीतम ते विसरूनही गेला. एकदा मेघानं आठवण करून दिली, तर वर तोंड करून म्हणाला, "नाव कोनाचं आहे त्याच्यावर? माहंच ना?"

मग एका रविवारी तिनं सावजी मटण केलं. प्रीतमनं रस्सा बाजूला सारला आणि दहीभात मागितला. "तिखट लागून राहिलं," म्हणाला. घास छोटे छोटे करून, मान तिरकी करून तो तोंडात सारत होता. मेघा बघतच राहिली. सासरेबुवा शेवटच्या वर्षी असेच जेवायचे. त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गार्गी मॅडमचा दवाखाना गाठला आणि सगळं ओकून टाकलं. "माह्या हातानं पाप झालं मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, जीन नुसता कल सांगतात. हा रिपोर्ट त्यांचाच असता, तरी सहा खर्ऱ्यांपुढे त्याचं काही चाललं नसतं. त्यांना घेऊन या."

घेऊन येणं काय सोपं होतं? दोन दिवस भांडण झालं, तिसऱ्या दिवशी प्रीतम आला तो फणफणतच. तोंड किती उघडतं ते बघायला मॅडमनी त्याला तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं काही केल्या जाईना. मग बॅटरी लावून बघितलं, तर डाव्या गालात पांढरा चट्टा.

"उद्याच इथला तुकडा काढून तपासायला पाठवू," मॅडम म्हणाल्या. "लवकर सापडलं तर बरं होतं. थांबायचं मात्र नाही."

प्रीतमचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं खिशातून तो कागद काढला, उलगडला, टेबलावर सपाट केला. "पन मॅडम, याच्यात तर कमी लिवलं आहे."

मॅडम काही बोलायच्या आत मेघानं कागद उचलला.

"हा माहा कागद आहे," ती म्हणाली. "मले काही होत नाही. तुमच्या मागं लय वर्षं एकटीनं जगा लागन मले."

प्रीतमनं विचारलं, "उद्या किती वाजता येऊ मॅडम?"